कोंबडी ठणठणीत, अंडं बाधित: साल्मोनेलाविरुद्धचं लसीकरण पहिल्यांदा करताना

राणीखेत ही कोंबड्यांची साथ शेडमध्ये शिरली की लपत नाही. पक्षी पंख पाडून बसतात, माना वाकड्या होतात, सकाळी दार उघडलं की मेलेली कोंबडी उचलावी लागते. साल्मोनेला एन्टेरायटिडिस या जंतूचं तसं नाही. तो कळपात असतो तेव्हा तुरे लालभडक असतात, खाद्य नेहमीइतकंच संपतं, अंड्यांचा आकडाही जागच्या जागी असतो. आजारी पडतो तो ते अंडं कच्चं किंवा अर्धकच्चं खाणारा माणूस. ताप, पोटात कळा, जुलाब; आणि घरातलं लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर गोष्ट दवाखान्यापर्यंत जाते.

म्हणून ही लस इतर लसींसारखी नाही. द्यायची कोंबडीला आणि वाचवायचं माणसाला. नीट दिली तर शेडमध्ये काही बदललेलं दिसत नाही, आणि चुकीची दिली तरीही काही बदललेलं दिसत नाही. पहिल्यांदा हे काम हातात घेणाऱ्याने प्रत्येक पायरी जपून का करायची, याचं कारण हेच आहे. चूक दाखवून द्यायला इथे कोंबडी येणार नाही.

आधी जंतू ओळखा

साल्मोनेलाचे २,५०० हून जास्त प्रकार नोंदले गेले आहेत. त्यातले गॅलिनारम आणि पुलोरम हे कोंबड्यांनाच मारतात. फाउल टायफॉइड आणि पुलोरम रोग हे त्यांचं काम. माणसाच्या पोटाशी त्यांचा फारसा संबंध नसतो. माणसाला बाधणाऱ्यांत कोंबड्यांच्या बाबतीत दोन नावं सतत कानावर येतील: एन्टेरायटिडिस आणि टायफिम्युरियम. टायफिम्युरियम बहुतेक वेळा विष्ठेतून कवचावर येतो. एन्टेरायटिडिस मात्र आतड्यातून शरीरात उतरतो, अंडाशय आणि अंडनलिका गाठतो आणि कवच चढायच्या आधीच अंड्यात जाऊन बसतो. असं अंडं वरून कितीही स्वच्छ केलं तरी उपयोग नसतो. लसीकरणाचा सगळा भर अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर आला तो यामुळेच.

आणखी एक गोष्ट लस विकत घेण्याआधी कळलेली बरी. साल्मोनेलाचे गट पाडलेले आहेत. एन्टेरायटिडिस डी गटात, टायफिम्युरियम बी गटात, अलीकडे मांसाच्या कोंबड्यांत त्रास देणारा इन्फँटिस सी गटात. एका गटाची लस दुसऱ्या गटाला थोडीफारच आवरते. तेव्हा ‘साल्मोनेलाची लस द्या’ असं मोघम मागू नका. लेबलवर कोणत्या प्रकाराचं नाव आहे ते वाचा. फाउल टायफॉइडसाठी नाइन-आर नावाची जुनी जिवंत लस आहे. गॅलिनारमही डी गटातलाच, त्यामुळे तिचा एन्टेरायटिडिसवर काहीसा परिणाम होतो. पण ती बनली आहे कोंबडीच्या रोगासाठी, अंडं सुरक्षित करण्यासाठी नाही.

फरक पडतो का, असं कुणी विचारलं तर मी ब्रिटनचं उदाहरण देतो. डिसेंबर १९८८ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याच्या कनिष्ठ मंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतेक अंडी उत्पादनात साल्मोनेला असल्याचं विधान केलं, अंड्यांची विक्री कोसळली आणि त्यांना पद सोडावं लागलं. पुढे १९९८ पासून तिथल्या अंडी उद्योगाच्या ‘लायन’ योजनेत कोंबड्यांचं लसीकरण आलं. त्याच्या जोडीला स्वच्छता, तपासणी आणि अंड्यांवर शिक्का. माणसांमधल्या एन्टेरायटिडिसच्या केसेस झपाट्याने उतरल्या. २०१७ मध्ये तिथल्या अन्न मानक संस्थेने गरोदर बाया, तान्ही मुलं आणि वृद्धांनीही लायन शिक्क्याची अंडी अर्धकच्ची खायला हरकत नाही, असं जाहीर केलं. जोडीला काय काय होतं ते मात्र विसरू नका. नुसत्या लसीने हे झालेलं नाही.

पायरी १: लस कोणाला हवी?

अंडी देणाऱ्या कोंबड्या आणि पिल्लांचे आईबाप असलेला ब्रीडर कळप, यांना हवीच. त्या वर्षभर आणि त्याहून जास्त जगतात, आणि त्यांच्याकडून जंतू अंड्यात किंवा पुढच्या पिढीत जातो. ब्रॉयलरचं, म्हणजे मांसाच्या कोंबडीचं, आयुष्यच पाच-सहा आठवड्यांचं. लसीचा परिणाम पुरता बसायच्या आत पक्षी निघून जातो. तिथे भर असतो तो लस दिलेल्या आईबापांकडून पिल्लं घेण्यावर आणि शेडच्या शिस्तीवर. इन्फँटिससारखा प्रश्न अंगावर आला तर ब्रॉयलरलाही पहिल्या दिवशी फवाऱ्यातून जिवंत लस देतात, पण तो निर्णय पशुवैद्यकाचा.

पायरी २: शेड आधी, लस नंतर

लस जंतूचा पूर्ण बंदोबस्त करत नाही. पक्ष्याला बाधा व्हायला जास्त जंतू लागतात, झालीच तर विष्ठेतून कमी जंतू पडतात, अंडाशयापर्यंत कमी पोचतात. तिचं काम एवढंच. शेडमध्ये जंतूंचा ढीग असेल तर ही भिंत तोकडी पडते.

उंदीर हा यातला सगळ्यात वाईट भागीदार. एका बाधित उंदराच्या लेंडीत साल्मोनेला प्रचंड संख्येने असतो, आणि ती लेंडी पडते खाद्याच्या पन्हाळीत. मागच्या बॅचचा जंतू रिकाम्या शेडमध्ये उंदीर सांभाळून ठेवतात आणि नव्या तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना) देतात. म्हणून शेड धुण्याआधी बिळं शोधा, सापळे लावा, भिंतीलगतचं गवत आणि अडगळ काढा. मग जमिनीवर अंथरलेली जुनी गादी बाहेर, धूळ झाडणं (पंख्यांची पाती आणि खाद्याच्या साखळीचे कोपरे विसरू नका), धुणं, पूर्ण वाळू देणं आणि त्यानंतर जंतुनाशक. ओल्या किंवा मळकट जमिनीवर जंतुनाशक ओतणं म्हणजे पैसे ओतणं.

पिल्लं घेताना आईबाप कळपाची साल्मोनेला तपासणी झाली आहे का, हे लेखी मागा. दिवसाच्या पिल्लाच्या आतड्यात अजून स्वतःची जंतुवस्ती नसते, त्यामुळे मोजके साल्मोनेलाही तिथे सहज ठाण मांडतात. फिनलंडमध्ये नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ मध्ये दाखवलं की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू पिल्लांना पाजले तर साल्मोनेलाला जागाच उरत नाही. पहिल्या दिवसांत जिवंत लस देण्यामागेही काही अंशी हाच हिशेब आहे: निरुपद्रवी केलेला जंतू आधी जागा धरून बसतो.

पायरी ३: वेळापत्रक ठरवा

लसी दोन जातीच्या. जिवंत लस पाण्यातून किंवा फवाऱ्यातून देतात. ती आतड्यात वाढते, तिथेच अटकाव करते आणि पेशींची प्रतिकारशक्ती जागी करते. मृत लस टोचावी लागते. ती रक्तात भरपूर प्रतिपिंडं तयार करते आणि अंडी देण्याच्या काळात ती टिकून राहतात. बऱ्याच ठिकाणी दोन्ही मिळून वापरतात, आणि लेयरसाठी, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी, मलाही तेच पटतं. साधारण आखणी अशी असते: पहिल्या दिवसांत जिवंत लस, सहा ते आठ आठवड्यांना दुसरी मात्रा, आणि १६ व्या आठवड्याच्या सुमारास जिवंतची तिसरी मात्रा किंवा मृत लसीचं इंजेक्शन. नेमकी वयं लेबलवर असतात आणि तीच पाळायची.

एक हिशेब मात्र पक्का ठेवा. अंडी सुरू होताना कोंबडीवर मोठा ताण येतो आणि दबून बसलेला जंतू नेमका तेव्हा उसळतो. तलंगा १८ ते २० आठवड्यांना अंड्यावर येतात. त्याच्या काही आठवडे आधी शेवटची मात्रा अंगी लागलेली हवी. शिवाय त्याच आठवड्यात चोची कापणं, पक्षी हलवणं आणि दुसरी लस असं सगळं एकत्र आणू नका.

पायरी ४: लस थंड ठेवा

२ ते ८ अंश सेल्सियस. मृत लस गोठली की फुकट. ती फ्रीजरच्या कप्प्यात किंवा बर्फाला चिकटवून ठेवू नका. फ्रीजच्या दारात कोणतीच लस ठेवू नका, तिथलं तापमान दर उघडझापीला चढतं. आणताना बर्फाच्या पिशव्या आणि लस यांच्यामध्ये कागदाची घडी घाला. बॅच क्रमांक आणि मुदत आणल्या आणल्या वहीत उतरवा.

पायरी ५: पाण्यातून जिवंत लस

सगळ्यात सोपी दिसणारी आणि सगळ्यात जास्त फसणारी पायरी ही.

राणीखेतच्या लसीची सवय असलेले लोक इथे हमखास एक चूक करतात. ती लस विषाणूची; पक्ष्यांना प्रतिजैविक चालू असलं तरी तिला काही होत नाही. ही लस म्हणजे स्वतःच एक जिवंत जीवाणू आहे. पाण्यात किंवा खाद्यात प्रतिजैविक असेल तर तुम्ही एका हाताने लस देता आणि दुसऱ्या हाताने मारता. बहुतेक लेबलांवर लसीच्या आधी आणि नंतर किमान तीन दिवस प्रतिजैविक नको असं लिहिलेलं असतं, काहींवर जास्त. खाद्य बाहेरून येत असेल तर त्यात काय मिसळलंय ते विचारून घ्या. पाण्यातली आम्लं, क्लोरीन आणि इतर जंतुनाशकंही आदल्या दिवसापासून बंद. टाकीला अल्ट्राव्हायोलेट दिवा असेल तर तोही बंद करा.

आदल्या दिवशी त्याच वेळेला दोन तासांत कळप किती पाणी पितो ते मोजा. मोजता आलंच नाही तर एक अंदाज वापरतात: दर १,००० पक्ष्यांमागे जितके दिवस वय तितके लिटर, जास्तीत जास्त ४०. म्हणजे १,००० पक्षी, वय ४२ दिवस, तर ४० लिटर. मोजलेला आकडा नेहमीच जास्त खरा.

नळ्या धुऊन घ्या, पण जंतुनाशकाने नाही. सकाळी उन्हाआधी पाणी तोडा. एक ते दोन तास तहान पुरे, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. प्लास्टिकची स्वच्छ बादली घ्या, साबणाचा किंवा फिनेलचा वास असलेली नको. दर लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर, म्हणजे ४० लिटरला १०० ग्रॅम. पावडर विरघळवून १५-२० मिनिटं थांबा, पाण्यात उरलेल्या क्लोरीनची धार ती मोडते. मग हातमोजे आणि मास्क घाला आणि कुपी पाण्याच्या आत धरून उघडा. गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला माणूस या कामात नको. जंतू दुबळा केलेला असला तरी जिवंत आहे. शेवटी लसीबरोबर चालणारा निळा रंग टाका. १,२०० पक्ष्यांना १,००० मात्रांची एकच कुपी पाणी वाढवून पुरवू नका. दोन कुप्या उघडा. उरलेली उद्यासाठी ठेवू नका.

आता नळीचं गणित, जे मला पहिल्या खेपेला कुणी सांगितलं नव्हतं. टाकी रिकामी झालेली पाहून मी काम झालं असं समजलो. संध्याकाळी शेडच्या पार टोकाच्या कोंबड्या हातात घेतल्या, चोच उघडली, तर जिभा गुलाबी. टाकीजवळच्या सगळ्यांच्या निळ्या, टोकाच्या कोरड्या गुलाबी. २२ मिलिमीटर आतला व्यास आणि ५० मीटर लांबी असलेल्या नळीत जवळपास १९ लिटर पाणी मावतं. आधीचं साधं पाणी तसंच राहिलं, तर टोकाच्या पक्ष्यांनी तहानेच्या पहिल्या तडाख्यात तेच प्यायलं, आणि ४० लिटर लसीपैकी जवळजवळ निम्मी शेवटी नळीतच पडून राहिली. म्हणून टोकाची तोटी उघडा, निळं पाणी दिसेपर्यंत जुनं पाणी बादलीत सोडा, मग तोटी बंद करून निपल (नळीवरच्या पाणी प्यायच्या तोट्या) पक्ष्यांच्या उंचीला उतरवा. टाकी संपत आली की दुधाची पावडर घातलेलं आणखी पाणी मागून घाला, म्हणजे नळीतली लस पुढे ढकलली जाते.

पीत असताना शेडमध्ये हळूहळू फेऱ्या मारा. दबकी पिल्लं कोपऱ्यात बसून राहतात, ती उठतात आणि पाण्याकडे जातात. सगळी लस साधारण दोन तासांत संपावी. अर्ध्या तासात संपली तर ताकदवान पक्ष्यांनीच पिऊन टाकली असं समजा.

मग तपासणी. शेडच्या चारही भागांतून मिळून १०० पक्षी धरा. अंगठ्याने खालची चोच दाबा, जीभ बघा. पिल्लं लहान असतील तर गळ्यातल्या पोटलीची कातडी ओली करा, आतला निळा रंग झळकतो. ९० हून कमी निळे निघाले तर पशुवैद्यकाला त्याच दिवशी कळवा. रिकाम्या कुप्या आणि बादली जंतुनाशकात बुडवा, हात धुवा. पाण्यात क्लोरीन पुन्हा सुरू करायचं ते लेबलवर सांगितलेल्या वेळेनंतरच.

पायरी ६: टोचून मृत लस

बाटल्या काही तास आधी फ्रीजमधून काढा. गार तेलकट लस घट्ट असते, सुईतून नीट जात नाही आणि स्नायूत गाठ धरते. वापरताना मधूनमधून हलवत राहा.

स्वयंचलित सिरिंजवर आकडा ०.५ मिलिलिटर आहे म्हणून ती तितकीच सोडते असं नाही. मोजपात्रात दहा वेळा दाबा. ५ मिलिलिटर भरलं पाहिजे. दर बाटलीला हे पुन्हा करा. जागा लेबल सांगेल: छातीचा स्नायू किंवा मानेची कातडी. मानेत देताना डोक्यापासून खाली, मधल्या भागात कातडी चिमटीत उचला, सुई धडाच्या दिशेने कातडीच्या आत सरकवा. सुई पलीकडून बाहेर आली तर पिसं तेलकट लागतात. बोटाने चाचपून बघा. सुई बोथट व्हायच्या आधी बदला, दर काही शे पक्ष्यांमागे नवी.

पक्षी गार वेळी, मंद उजेडात धरा. एका वेळी थोडेच पक्षी जाळीने वेगळे काढा. कोपऱ्यात ढीग झाला की खालचे गुदमरतात.

तेलकट लस स्वतःच्या बोटात टोचली गेली तर थेंबभर असली आणि दुखत नसलं तरी लगेच डॉक्टरकडे जा, लसीचं पत्रक बरोबर न्या. उशीर झाला तर बोट गमवावं लागू शकतं. हे काम सुरू करण्याआधी सगळ्या मदतनिसांना मोठ्याने सांगा.

पायरी ७: वही

तारीख, वय, पक्षी, लसीचं नाव, बॅच, मुदत, कोणी दिली, निळ्या जिभा किती. लस दिल्यावर कत्तलीआधी किंवा अंडी विक्रीआधी किती दिवस थांबायचं, हेही लेबलवरून इथेच लिहा.

पायरी ८: काम झालं का, ते शोधा

रक्त तपासून कळेल असं वाटतं, पण लस दिलेल्या कोंबडीच्या रक्तात प्रतिपिंडं असणारच. ती लसीची की जंतूची, हे त्यावरून ठरत नाही. शोधायचा असतो तो जंतूच, आणि तोही शेडमधून. बुटांवर कापडी मोजे चढवून शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला, सगळ्या रांगांमधून. मोजे आणि पंख्याजवळची धूळ निर्जंतुक पिशवीत भरा, थंड ठेवून प्रयोगशाळेत पाठवा. पिल्लं आली त्या दिवशी खोक्यातला तळकागद, मग तलंगा हलवण्याच्या दोन आठवडे आधी, मग अंड्यावर आल्यावर वेळोवेळी. युरोपीय संघात लेयर कळपाची तपासणी २४ व्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते आणि दर १५ आठवड्यांनी होते. अमेरिकेत नियमाप्रमाणे ४० ते ४५ आठवड्यांच्या वयात शेडचे नमुने घेतात. जिवंत लस दिली असेल तर प्रयोगशाळेला लसीचं नाव कळवा, नाहीतर लसीचाच जंतू सापडून विनाकारण धावपळ होते.

लेयरवाल्यांना एक प्रश्न बरेचदा पडतो: कॅम्पिलोबॅक्टरसाठी लस का नाही? माणसाला जुलाब करणाऱ्यांत तोही मोठा, आणि त्याचं घर मांसाची कोंबडी. पुष्कळ प्रयत्न होऊनही कोंबड्यांसाठी बाजारात वापरता येईल अशी लस अजून नाही. त्याच्यासाठी शेडच्या दारात बूट बदलणं, माश्या रोखणं, अर्धा कळप आधी उचलताना बाहेरची माणसं आणि क्रेट स्वच्छ असणं, आणि मांस आतपर्यंत ७४ अंशांना शिजणं, हेच उपाय.

नमुना बाधित आला तर

प्रतिजैविकाकडे धावू नका. ते थांबेपर्यंत जंतू दबतो, थांबलं की वर येतो, आणि मधल्या काळात औषधाला न जुमानणारे तेवढे उरतात. युरोपीय संघात साल्मोनेला नियंत्रणाचा उपाय म्हणून प्रतिजैविक वापरायलाच बंदी आहे. पशुवैद्यकाला बोलवा, नमुना पुन्हा घ्या, आणि निकाल येईपर्यंत त्या शेडची अंडी वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा. पक्कं झालं तर ती अंडी अख्खी विकायची नाहीत. उष्णतेने जंतू मारणाऱ्या प्रक्रियेलाच जाऊ द्या. त्या शेडचे बूट, झाडू आणि माणूस दुसऱ्या शेडमध्ये नको. कळप निघाला की पायरी दोनपासून पुन्हा सुरुवात, आणि या वेळी शेड धुऊन वाळल्यावर रिकाम्या जमिनीचे, पंख्यांचे आणि उंदरांच्या बिळांजवळचे नमुने आधी पाठवा. तो अहवाल हातात येईपर्यंत नवी पिल्लं मागवू नका.